दोन लाख किलोमीटर झालेली डिझेल एसयूव्ही: तपासावी कशी आणि घ्यावी का?

जांबोटी रोड

नमस्कार. आमचे घर बेळगावात आणि शेती खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे आहे. पावसाळ्यात शेताकडच्या शेवटच्या टप्प्यावर लहान गाडी चालत नाही, त्यामुळे चासीवर बांधलेली, फोर बाय फोर असलेली डिझेल एसयूव्ही घेण्याचे घरात ठरले आहे. नवी गाडी आवाक्याबाहेर आहे, म्हणून जुनी पाहत आहोत.

सध्या एक गाडी पसंत पडली आहे. २०१५ चे मॉडेल, केए २२ म्हणजे बेळगाव पासिंग, दुसऱ्या मालकाकडे असलेली, मीटरवर २,१२,००० किलोमीटर. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग चर्चा गाडीऐवजी कंपन्यांवर जाते. मालकाचे म्हणणे असे, की बहुतेक रनिंग पुणे आणि बंगळूर या मार्गावरचे आहे. आमचे काका म्हणतात की लाखाच्या वरच्या गाडीला हातच लावू नये, तर ओळखीचे मिस्त्री म्हणतात की डिझेल इंजिनाला दोन लाख म्हणजे काहीच नाही. दोघेही अनुभवी आहेत आणि दोघांची मते टोकाची आहेत. मीटरवरचा आकडा खरा आहे हे कसे ओळखावे आणि खरा असला तरी गाडीत किती जीव शिल्लक आहे हे कशावरून ठरवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

अनगोळकर

माझे मत तुमच्या काकांच्या बाजूने आहे. दोन लाखांनंतर एक दुरुस्ती संपते तोवर दुसरी उभी राहते. त्याच पैशांत थोडी जुनी, पण कमी चाललेली गाडी मिळत असेल तर ती घ्यावी.

उद्यमबाग मशिनिस्ट

अनगोळकरांच्या मताचा आदर राखून मला वेगळे सांगायचे आहे, कारण इंजिन उघडून पाहणे हा माझा रोजचा धंदा आहे.

इंजिनाची झीज किलोमीटरवर कमी आणि चाललेल्या तासांवर जास्त अवलंबून असते. सरासरी ताशी ६० च्या वेगाने महामार्गावर २,१२,००० किलोमीटर चाललेल्या गाडीचे इंजिन सुमारे ३,५०० तास फिरलेले असते. तेवढेच किलोमीटर खाणीवर, बांधकामाच्या साइटवर किंवा शहराच्या गर्दीत सरासरी ताशी २० ने झाले असतील, तर तेच इंजिन १०,६०० तास फिरलेले असते, आणि त्यातले कित्येक तास जागेवर उभे राहून, धूळ ओढत गेलेले असतात. मीटर दोन्ही गाड्यांचे सारखेच दिसते. म्हणून ऐंशी हजार चाललेली ठेकेदाराची गाडी दोन लाख चाललेल्या महामार्गावरच्या गाडीपेक्षा वाईट अवस्थेत निघाल्याचे मी पुष्कळदा पाहिले आहे. कमी किलोमीटरच्या जुन्या गाडीचाही एक धोका आहे: ती महिनोन्‌महिने उभी असते, तिचे रबरी होज, सील आणि बुश वयाने कडक होतात, आणि ऑइल किलोमीटर भरले नाहीत म्हणून वर्षानुवर्षे बदललेलेच नसते.

आता तपासणीबद्दल. गाडी पाहायला सकाळी लवकर जा आणि आपण येईपर्यंत इंजिन सुरू करू नये असे मालकांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. पोहोचल्यावर प्रथम बॉनेटवर आणि रेडिएटरच्या वरच्या होजवर हात ठेवून पाहा. इंजिन गरम लागले तर त्या दिवशी थंड इंजिनाची परीक्षा होणार नाही, दुसरा दिवस मागा. थंडीतल्या सकाळी हीटर प्लग, बॅटरी आणि कॉम्प्रेशन या तिन्हींची कसोटी एकाच वेळी लागते. चांगले इंजिन पहिल्या एक-दोन सेकंदांत पेटते आणि लगेच स्थिर होते. सुरुवातीला थोडा पांढुरका धूर चालतो, पण इंजिन गरम झाल्यावरही निळा धूर येत राहिला तर ऑइल जळत आहे असे समजा, आणि दाब दिल्यावर दाट काळा धूर आला तर इंजेक्टर (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारा भाग), टर्बो किंवा हवेच्या मार्गात दोष आहे असे समजा.

इंजिन गरम झाल्यावर ऑइल भरण्याचे झाकण उघडून, ते तसेच सैल त्या तोंडावर ठेवा. थोडी वाफ येणे आणि झाकण किंचित हलणे स्वाभाविक आहे. झाकण थडथड उडू लागले आणि भपकारे येऊ लागले, तर आम्ही ज्याला बॅक कॉम्प्रेशन म्हणतो ते आहे, म्हणजे पिस्टन रिंगांवरून वायू खाली क्रँककेसमध्ये उतरत आहे. अशा गाडीला आज ना उद्या पूर्ण इंजिनकाम लागते. डिपस्टिकही, म्हणजे ऑइलची पातळी मोजण्याची पट्टी, त्याच वेळी पाहा. डिझेलचे ऑइल काळेच असणार, त्यावरून काही ठरत नाही. परंतु ते पांढुरके, ताकासारखे दिसले तर पाणी मिसळले आहे.

कुलंटच्या टाकीकडे फार थोडे लोक लक्ष देतात, मी मात्र तिला फार महत्त्व देतो. टाकीत रंगीत, स्वच्छ कुलंट असेल तर मालक काळजी घेणारा आहे. गंजाचे तपकिरी पाणी असेल तर वर्षानुवर्षे नळाचे पाणी भरले गेले आहे, आतल्या वाटा गंजलेल्या आहेत, आणि घाटात तापण्याची शक्यता मोठी आहे. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर गेलेला असू शकतो. तेथून परत फिरावे.

लेखापाल टिळकवाडी

मी मेकॅनिक नाही, हिशेब तपासणे हे माझे काम आहे. त्यामुळे मीटरच्या आकड्याबद्दल लिहिते.

डिजिटल मीटरही मागे फिरवता येते, म्हणून मीटरवर विसंबू नका आणि आकड्याला बाहेरचे साक्षीदार शोधा. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये प्रत्येक वेळी तारीख आणि किलोमीटर नोंदवले जातात. मालकांना सोबत नेऊन पूर्ण सर्व्हिस हिस्टरीची प्रिंट मागा. त्यातल्या तारखा आणि किलोमीटर एका कागदावर उतरवून प्रत्येक वर्षी किती रनिंग झाले ते काढा. पहिली पाच वर्षे दरवर्षी तीस हजार आणि नंतर एकदम दरवर्षी चार हजार असे दिसले, तर एकतर गाडी खरोखर उभी होती किंवा आकडा बदलला आहे. कोणते खरे, ते मालकांच्या सांगण्याशी जुळवून पाहता येते.

नोंदी अधिकृत सेंटरबाहेर गेल्या असतील तर गाडीच बोलते. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. मीटर तीस हजार दाखवत असेल आणि टायर गाडीपेक्षा पाच-सहा वर्षांनी नवे असतील, तर पहिले टायर इतक्या लवकर का झिजले, असा प्रश्न विचारायलाच हवा. ब्रेक आणि क्लचच्या पेडलचे रबर, स्टिअरिंगचा वरचा भाग, चालकाच्या सीटची दाराकडची कड आणि गिअर नॉब यांची झीज मीटरशी जुळते का ते पाहा. पेडलचे रबर नवे आणि सीट खचलेली, ही जोडी मला नेहमी संशयास्पद वाटते.

विम्याची जुनी पॉलिसीही मागा. दावा न केल्याबद्दलची सवलत २० टक्क्यांपासून ५० टक्क्यांपर्यंत वर्षागणिक चढत जाते; मध्येच ती शून्यावर आली असेल तर त्याआधीच्या वर्षी दावा झाला असण्याची शक्यता आहे. ही सवलत मालकाची असते, गाडीची नसते, त्यामुळे मालकी बदललेल्या वर्षीही ती तुटते; तो फरक ध्यानात ठेवा.

निपाणी–चिकोडी

आमच्या भागातला एक मुद्दा घालतो. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै या दोन्ही महापुरांत कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा आणि पंचगंगेच्या काठच्या गावांत उभ्या गाड्यांत पाणी शिरले होते. त्यांतल्या काही गाड्या स्वच्छ होऊन बाजारात फिरत असणार, आणि कोल्हापूर-सांगलीची किंवा आमच्या चिकोडीची पासिंग पाहिली की ही तपासणी मी पहिली करतो.

सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा आणि नेहमी आत गुंडाळलेला राहणारा भाग पाहा. वरचा पट्टा धुतलेला असतो, परंतु शेवटच्या वीतभर पट्ट्यावर गाळाची मातकट रेघ राहून जाते. सीटच्या रुळांचे बोल्ट, डॅशबोर्डच्या खालचे लोखंडी कंस, मागची जॅक ठेवण्याची जागा आणि गालिच्याखालचा फोम बोटाने चाचपा. वायरिंगचा एखादा जोड उघडून आत हिरवट गंज आहे का पाहा. पुरातली गाडी इंजिनाने लगेच त्रास देत नाही. ती वायरिंगने देते, आणि तो दोष शोधता शोधता मालकाचा जीव मेटाकुटीस येतो. अशी गाडी फुकट मिळाली तरी घेऊ नये, हे माझे स्पष्ट मत आहे.

घाटमाथा

गोव्याहून वर येणाऱ्या गाड्यांबद्दल मी लिहितो. समुद्राच्या खाऱ्या हवेत राहिलेल्या गाडीची बॉडी रंगवून नवी दिसते, पण चासी आतून पोखरलेली असू शकते. आपल्याकडे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला या पट्ट्यात पाऊस इतका, की गाडी गोव्याची नसली तरी हा प्रश्न उरतोच. लाल माती चासीच्या वरच्या पाठीवर आणि आडव्या पट्ट्यांच्या कोपऱ्यांत जाऊन बसते, पावसाळाभर ओली राहते, आणि तिच्याखाली लोखंड सडते. गाडी रॅम्पवर चढवा आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने चासीवर ठोकत पुढून मागे जा. धड लोखंडाचा आवाज खणखणीत येतो. सडलेल्या जागी तो बद्द येतो आणि पापुद्रे खाली पडतात. मागच्या चाकांच्या वरची कमान, सस्पेन्शनचे कंस आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या विशेष पाहा. विक्रीच्या तोंडावर चासीला ताजा काळा रंग मारलेला असेल तर रंगाखाली काय आहे हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका. चासी नंबर जेथे ठोकलेला असतो तेथे वेल्डिंग किंवा घासल्याच्या खुणा नसाव्यात.

फोर बाय फोरची परीक्षा डांबरी रस्त्यावर करू नये. अशा बहुतेक गाड्यांत मधला डिफरन्शियल, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरांचा संच, नसतो, त्यामुळे कोरड्या डांबरावर वळताना पुढची आणि मागची चाके एकमेकांना ओढतात आणि गिअरांवर ताण येतो. कच्च्या रस्त्यावर फोर हाय (चारही चाकांना ताकद, नेहमीच्या वेगासाठी) घालून सरळ चालवा, मग थांबून, न्यूट्रलमध्ये फोर लो (चारही चाकांना ताकद, कमी वेग आणि जास्त जोर) घाला. ते घालायला फार वेळ लागला, दिवा नुसता लुकलुकत राहिला किंवा पुढून कर्कर आवाज आला तर दुरुस्ती मोठी आहे. पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलचे आणि ट्रान्सफर केसचे (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीचे) ऑइल काढून पाहण्याची परवानगी मागा. ओढ्यातून गेलेल्या गाडीच्या डिफरन्शियलमध्ये पाणी शिरून ऑइल दुधाळ झालेले असते. हे ऑइल बदलायचे असते याचा बहुतेक मालकांना विसर पडतो.

चालवून पाहण्यासाठी चढ हवा. विक्रेता चोर्ल्यापर्यंत गाडी देणार नाही, परंतु महामार्गावर वंटमुरी घाट आहे आणि निपाणीकडच्यांना तवंदी घाट आहे. माणसे बसवून, एसी चालू ठेवून, चौथ्या गिअरमध्ये चढ घ्या. दाब दिल्यावर इंजिनाचे फेरे वाढले आणि वेग मात्र वाढला नाही तर क्लच घसरत आहे. तापमानाचा काटा मधोमध राहिला पाहिजे. चढाच्या शेवटी थांबून इंजिन लगेच बंद करू नका. मिनिटभर तसेच ठेवा आणि टाकीत कुलंट खळखळते का पाहा.

जांबोटी रोड

सर्वांचे मनापासून आभार. लेखापाल ताईंनी सांगितल्याप्रमाणे सर्व्हिस हिस्टरी काढली. १,६८,००० पर्यंतच्या सर्व नोंदी अधिकृत सेंटरच्या आहेत, साधारण दर दहा हजारांना ऑइल बदललेले आहे आणि वार्षिक रनिंग सुमारे सव्वीस हजार पडते. त्यानंतरच्या नोंदी नाहीत. मालक म्हणतात की पुढचे काम बाहेरच्या गॅरेजमध्ये केले आणि त्यांच्याकडे सुट्या भागांची काही बिले आहेत. सीट बेल्ट, गालिचा आणि चासी निपाणीच्या व घाटमाथ्याच्या मित्रांनी सांगितल्याप्रमाणे पाहिली. पुराची खूण नाही. चासीवर पृष्ठभागाचा गंज आहे, पण आवाज सर्वत्र खणखणीत आला. सकाळी थंड असताना गाडी लगेच सुरू झाली. मात्र आयडलवर हलकी थरथर जाणवते. झाकण सैल ठेवून पाहिले, ते जागेवर राहिले.

उद्यमबाग मशिनिस्ट

शेवटच्या ४४,००० किलोमीटरच्या बिलांवर दुकानाचा शिक्का, तारीख आणि ऑइल फिल्टर, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर यांची नावे आहेत का, ते पाहा. ऑइल कोणत्या ग्रेडचे घेतले तेही बघा. बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले यात काही वावगे नाही, माझ्याकडे येणाऱ्या उत्तम गाड्यांपैकी निम्म्या तशाच आहेत. फक्त काम झाल्याचा पुरावा हवा.

थरथरीसाठी दोन गोष्टी करून घ्या. आधी स्कॅनर लावा. नुसते दोषाचे कोड नसणे पुरेसे नाही, कारण ते पुसता येतात. गाडी चालवून झाल्यावर पुन्हा स्कॅन करा आणि प्रत्येक सिलिंडरला संगणक किती जास्त-कमी डिझेल देत आहे तो आकडा वाचा. दुसरी गोष्ट म्हणजे इंजेक्टरची रिटर्न चाचणी. चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्या काढून त्यांना चार सारख्या पारदर्शक बाटल्या लावतात आणि इंजिन काही मिनिटे आयडलवर ठेवतात. चारही बाटल्यांत डिझेलची पातळी जवळजवळ एकच असली पाहिजे. तीन बाटल्या बोटभर भरल्या आणि एक त्यांच्या दुप्पट भरली, तर तो इंजेक्टर आतून गळतो आहे हे डोळ्यांना दिसते, वादाला जागाच राहत नाही. अर्थात थरथर इंजिनाच्या माउंटिंगमुळेही असू शकते. तेवढेच गेलेले असले तर खर्च थोडक्यात आटोपतो.

टायमिंगचाही प्रश्न विचारा. काही इंजिनांना साखळी असते, काहींना बेल्ट. जुन्या फॉर्च्युनरचे तीन लिटरचे इंजिन आणि डस्टरचे दीड लिटरचे डिझेल इंजिन बेल्टवर चालते, महिंद्राचे एमहॉक साखळीवर. बेल्ट असेल आणि बदलल्याचे बिल नसेल, तर तो बदललेला नाही असे धरून किंमत करा, कारण तुटलेला बेल्ट व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची टक्कर घडवतो.

हा धागा पुढे वाचणाऱ्यांसाठी आणखी एक. एप्रिल २०२० नंतरच्या बीएस ६ (प्रदूषणाचे नवे मानक) डिझेल गाड्यांना धुराचे कण अडवणारा डीपीएफ असतो, आणि तो स्वतःला स्वच्छ करण्यासाठी काही काळ सलग वेगाने चालावे लागते. अशी गाडी फक्त गावातल्या गावात चाललेली असेल तर कमी किलोमीटर ही तिची जमेची बाजू नाही.

अनगोळकर

तासांचा हिशेब मला पटला. तरीही इंजिनाखेरीज बाकीच्या भागांचे काय? बुश, बॉल जॉइंट, शॉकॲब्सॉर्बर, व्हील बेअरिंग, क्लच, टर्बो हे सर्व दोन लाखांच्या आसपास एकामागून एक येते. इंजिन चांगले निघाले तरी खरेदीनंतरच्या पहिल्या वर्षात हा खर्च होतोच.

लेखापाल टिळकवाडी

अगदी रास्त मुद्दा आहे, आणि त्याचे उत्तर किमतीत आहे. अनगोळकरांनी दिलेल्या यादीतील जे भाग बदलल्याचे बिल आहे ते सोडा. उरलेल्यांपैकी जे आत्ता बदलणे भाग आहे त्याचा खर्च आपल्या मिस्त्रींकडून लिहून घ्या आणि तो पूर्ण वजा करा. जे वर्ष-दोन वर्षांत येईल त्याचा अर्धा वजा करा. उरेल ती तुमची किंमत. कमी चाललेल्या गाडीचीही याच पद्धतीने किंमत काढा आणि मग दोन्ही आकडे शेजारी ठेवा. माझ्या पाहण्यात असे येते, की बाजारात लोक मीटरच्या आकड्याला वाजवीपेक्षा जास्त भाव देतात आणि बिलांच्या फाइलला काहीच देत नाहीत. तुमच्यासारख्या खरेदीदाराला तेथेच फायदा आहे.

चंदगडची वाट

तुमची गाडी केए २२ ची आहे, त्यामुळे काम सोपे आहे: मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, विमा, पीयूसी. कर्जाची नोंद असेल तर ती काढण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी घेतल्याशिवाय पैसे पूर्ण देऊ नका. परिवहन खात्याच्या ॲपवर नंबर टाकून कर्ज, विमा आणि मालकाचा क्रमांक आधी पाहून घ्या. विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो.

आमच्यासारख्या सीमेवरच्या लोकांचा घोळ निराळा आहे. एमएच ०९ ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची, गाडी स्वस्त मिळते म्हणून बेळगावकर घेतात आणि गोव्याची स्वस्त मिळते म्हणून आम्ही घेतो. परराज्यातील गाडीला फॉर्म २८ ची एनओसी लागते, आणि दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची असेल तर तेथील नवी नोंदणी व कर भरणे आले. पहिल्या राज्यातील उरलेल्या कराचा परतावा मागता येतो, पण तो हाती येईपर्यंत तुमचे पैसे दोन्हीकडे अडकतात. तसेच खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते; २०१५ ची गाडी २०३० मध्ये पुन्हा तपासणीला न्यावी लागेल, हेही किमतीत धरा.

जांबोटी रोड

रिटर्न चाचणी करून घेतली. मी स्वतः समोर उभा होतो. पहिली, दुसरी आणि चौथी बाटली एका पातळीवर आली, तिसरी त्यांच्या दीडपटीहून वर गेली. स्कॅनरवरही तिसऱ्याच सिलिंडरचा आकडा वेगळा दिसला. मालकांनी ते पाहिले आणि काहीही वाद न घालता मान्य केले. चढावर क्लच घसरला नाही, तापमान स्थिर राहिले, फोर लो लगेच लागले. पुढच्या डिफरन्शियलच्या सीलमधून पाझर आहे आणि खालच्या आर्मचे बुश गेलेले आहेत. बिले पाहिली, फिल्टर आणि ऑइलची खरेदी जुळते, एका ठिकाणी मात्र सुमारे अठरा हजार किलोमीटरचे अंतर पडले आहे.

इंजेक्टर, सील, बुश आणि सर्व ऑइल यांचा अंदाज मिस्त्रींनी लिहून दिला. तो मालकांनी मागितलेल्या किमतीतून वजा करून सौदा ठरला. इसार दिला आहे, आणि कर्ज फिटल्याची नोंद झाल्यावर उरलेली रक्कम देण्याचे कागदावर लिहून घेतले आहे. काकांनाही बाटल्यांचा फोटो दाखवला. त्यांनी संमती दिली.

उद्यमबाग मशिनिस्ट

चांगला निर्णय आहे. एक इंजेक्टर गळका निघाला म्हणजे बाकीचे तिघेही तेवढेच चाललेले आहेत, म्हणून चौघांनाही काढून टेस्ट बेंचवर लावा आणि दुरुस्ती की नवा, हे त्यानंतर ठरवा. नवा इंजेक्टर बसवल्यावर त्याच्यावरचा कोड गाडीच्या संगणकात भरावा लागतो. ते न करता गाडी दिली तर थरथर तशीच राहील. अठरा हजारांच्या खंडाची भरपाई म्हणून पहिले ऑइल आणि फिल्टर अडीच-तीन हजार किलोमीटरवरच बदला, आणि काढलेला फिल्टर कापून त्यात चमकणारे धातूचे कण आहेत का ते पाहा. कण दिसले तर फिल्टर घेऊन कोणत्याही दिवशी दुकानात या, आपण बेअरिंग उघडून पाहू.